पीवणा : श्वास पिणारा साप

 

आयोजकांनी मला ‘वाळवंटातले दिवस’ असा मोघम विषय दिला होता. फौजी माणसाला असा विषय दिला की तो रणगाडे, वाळूची वादळं आणि पन्नास डिग्री तापमान यांवर तासभर बोलतो आणि ऐकणारे घड्याळाकडे बघत बसतात. म्हणून मी एकच प्राणी निवडला आहे. त्याचं नाव पीवणा. मारवाडीत ‘पीवणो’ म्हणजे पिणे. आपलाच धातू आहे, त्यामुळे अर्थ सांगायला नको. पिणारा.

कुठल्याही सर्पोद्यानात तुम्हाला पीवणा दिसणार नाही. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात त्या नावाची जात नाही. पण जैसलमेर, बाडमेर, बिकानेर या पट्ट्यात एखाद्या ढाणीवर, म्हणजे शेतावरच्या एकट्यादुकट्या वस्तीवर जा आणि रात्री खाटेवर बसून म्हाताऱ्या माणसाला विचारा. तो तुम्हाला पीवण्याचा सगळा जीवनक्रम सांगेल. मी ही हकीकत निदान पंधरा-वीस जणांच्या तोंडून ऐकली आहे. ती आधी जशी ऐकली तशी सांगतो.

पीवणा रात्री येतो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात येतो, थंडीत येत नाही. तो चावत नाही. ही गोष्ट प्रत्येक जण अगदी बोट उंचावून सांगतो, पीवणा चावत नाही. झोपलेल्या माणसाच्या उबदार श्वासाचा त्याला वास येतो. तो अंथरुणात शिरतो, छातीवर चढतो, तोंडाशी तोंड नेतो आणि श्वास पितो. पिता पिता आपलं विष माणसाच्या तोंडात सोडतो. त्याने घशात, टाळूपाशी एक फोड येतो. पोट भरलं की जाताना शेपटीचा एक फटका मारतो. का मारतो? कुणी म्हणतं, माणूस मेला की नाही हे बघायला. कुणी म्हणतं, उगाच, माजाने. माणूस जागा होतो तो जड अंगाने. जीभ वळत नाही, डोळे उघडत नाहीत. आणि सूर्याचा पहिला किरण पडला की तो मरतो.

उपाय काय? त्याला सूर्य दिसू द्यायचा नाही. खोलीत कोंडायचं, दारा-झरोक्याला गोधड्या लावायच्या, दिवस उगवल्याचा सुगावासुद्धा लागू द्यायचा नाही. मग जाणत्या माणसाने घशात बोट घालून तो फोड फोडायचा. आणि पीवणा येऊच नये म्हणून उशाशी कांदा-लसूण ठेवायचा, त्या वासाने तो जवळ येत नाही म्हणतात.

एवढं तपशीलवार वर्णन, पण सापाचा रंग आणि लांबी विचारली की दोघांचं एकमत होत नाही. कुणी पिवळट सांगतं, कुणी राखाडी, कुणी हातभर, कुणी पुरुषभर. फौजेत आम्हाला एक सवय लावलेली असते. दहा साक्षीदार शत्रूच्या चेहऱ्याबद्दल वेगवेगळं बोलतात आणि त्याने काय केलं याबद्दल मात्र शब्दन्‌शब्द एकच सांगतात, तेव्हा समजायचं की चेहरा कुणीच पाहिलेला नाही, पण परिणाम सगळ्यांनी पाहिला आहे. पीवण्याचं नेमकं तसंच आहे.

आता २००२ साल. संसदेवरच्या हल्ल्यानंतर डिसेंबर २००१ मध्ये ‘ऑपरेशन पराक्रम’ सुरू झालं आणि आम्ही सीमेवर जाऊन बसलो ते ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे थरचा पूर्ण उन्हाळा, आणि त्यानंतर पावसाळा म्हणून जे काही असतं ते. त्या वर्षी पाऊस जवळजवळ आलाच नाही. आमच्या तळाला पाणी पुरवणाऱ्या एका खासगी टँकरवर एक पोरगा क्लीनर होता, अठरा-एकोणीस वर्षांचा. ऑगस्टमध्ये एक दिवस सकाळचा टँकर आला नाही. दुपारी आला तेव्हा ड्रायव्हर एकटाच होता. पोरगा कुठे विचारलं तर म्हणाला, “पीवणो पी ग्यो.” जणू रजेवर गेला म्हणावं तसं.

आमचे आरएमओ, म्हणजे पलटणीचे डॉक्टर, तरुण कॅप्टन होते. त्यांनी ड्रायव्हरला दोन-तीन प्रश्न विचारले आणि जीप काढायला लावली. मीही बरोबर गेलो. ढाणी अकरा किलोमीटरवर होती. गोल गवती झोपडी, दाराला आतून-बाहेरून गोधड्या. पोराचा काका दारात उभा. हात जोडलेले, पण वाट अडवलेली. “हुकम, सूरज दिख गया तो मर जाएगा.” डॉक्टरांनी वाद घातला नाही. म्हणाले, मी टॉर्चसुद्धा हाताने झाकून लावतो, मला आत सोडा. आत आईने पोराचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तो गेलेला होता. फार वेळ झाला नव्हता. डॉक्टरांनी त्या झाकलेल्या उजेडात अंग तपासलं. डाव्या कोपराच्या वर दोन ठिपके सापडले. टाचणी टोचल्याएवढे, मध्ये सेंटिमीटरभरही अंतर नाही, सूज नाही, रक्त नाही.

आई सांगत होती, डोळे सकाळपासून मिटलेले, बोलणं बंद, पण दुपारपर्यंत मी हाक मारली की तो माझं बोट दाबत होता.

परतताना जीपमध्ये डॉक्टर बराच वेळ गप्प होते. मग एवढंच म्हणाले, “सर, लोकं लक्षणं पुस्तकापेक्षा चांगली सांगतात. औषध तेवढं उलटं आहे.”

मला या वाक्यापासून पुढचं सगळं सांगायचं आहे, कारण पीवणा म्हणजे कोण ते तोपर्यंत तुमच्यातल्या गावाकडच्या लोकांनी ओळखलं असेल. मण्यार.

आपल्याकडची नेहमीची मण्यार देशभर आहे. थरमध्ये तिची एक सख्खी बहीण राहते, सिंधी मण्यार. १८९७ साली बुलेंजर नावाच्या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आणि सिंधवरूनच तिला नाव दिलं. सीमेच्या पलीकडे थारपारकरात आणि अलीकडे राजस्थानात वाळू एकच आहे, सापाला पासपोर्ट लागत नाही. निळसर काळा, चकचकीत साप, अंगावर पांढरे बारीक आडवे पट्टे. साध्या मण्यारीपासून तिला वेगळं करायचं तर पाठीवरच्या खवल्यांच्या रांगा मोजाव्या लागतात. साध्या मण्यारीला शरीराच्या मध्यावर पंधरा, सिंधीला सतरा. हे काम मेलेल्या सापावर करायचं असतं, हे सांगायला नको. दोघींच्या पाठीच्या कण्यावर षट्कोनी मोठ्या खवल्यांची रांग असते.

मण्यार दिवसा अतिशय गरीब साप. डिवचलं तर वेटोळ्यात डोकं लपवून बसते. रात्री तीच वेगळी होते. उंदीर, पाली-सरडे आणि मुख्य म्हणजे दुसरे साप खाते. माणसात तिला काडीचा रस नाही. वाळवंटात ढाणीपाशी धान्य असतं, धान्यापाशी उंदीर, उंदरापाशी ती. उन्हाळ्यात माणसं झोपडीबाहेर किंवा जमिनीवर अंथरूण टाकून झोपतात. साप अंगावरून जातो, झोपेत हात हलतो, साप दाबला जातो आणि चावतो. एवढाच हा सगळा ‘हल्ला’.

आता गोष्टीतला एकेक तपशील घ्या आणि डॉक्टरांच्या केसपेपरवर ठेवून बघा.

‘पीवणा चावत नाही.’ मण्यारीचे विषदंत काही मिलिमीटरचे असतात. दंशाला वेदना जवळजवळ नसते, सूज येत नाही. झोपलेला माणूस बहुतेक वेळा जागाही होत नाही. झाला तरी मुंगी चावली समजून कूस बदलतो. सकाळी खूण शोधूनही सापडत नाही. जो माणूस खूण न दिसता मरतो, त्याला साप चावला असं कोण म्हणेल?

‘श्वास पितो.’ मण्यारीचं विष नसा आणि स्नायू यांच्या जोडावर काम करतं. मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत पोचतच नाही. आधी पापण्या पडतात, मग दोन-दोन दिसतं, जीभ जड होते, गिळता येत नाही, मान टाकली जाते आणि शेवटी छातीचे स्नायू थांबतात. हृदय चालू असतं, मेंदू शाबूत असतो, श्वास तेवढा संपत जातो. ‘श्वास पिणे’ याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही.

‘तोंडात विष सोडतो.’ गिळता येत नाही म्हणून लाळ तोंडात साचते, फेस येतो, घशात घरघर होते. बघणाऱ्याला वाटतं, तोंडात कुणी काही ओतलं आहे. घशातल्या फोडाची कल्पनाही तिथूनच आली असावी. गिळता न येणाऱ्या माणसाच्या घशात काहीतरी अडकलं आहे असंच कुणालाही वाटेल.

‘सूर्य उगवला की मरतो.’ दंश मध्यरात्रीनंतर होतो. लक्षणं अर्ध्या तासापासून काही तासांत दिसतात. हिशेब करा. पहाटे पोटात कळ येते, हे मण्यारीच्या दंशाचं फार महत्त्वाचं लक्षण आहे, त्यानंतर डोळे मिटू लागतात, आणि उजाडता उजाडता श्वास जातो. सूर्याचा दोष एवढाच की तो रोज त्याच वेळेला उगवतो.

शेपटीच्या फटक्याचा मात्र मला अजून पत्ता लागलेला नाही. अंगावरून काहीतरी सळसळत गेलं, एवढं झोपेत जाणवलेलं कुणीतरी सांगितलं असेल. हा माझा तर्क, शास्त्र नव्हे.

थरमध्ये सर्वात जास्त भेटणारा विषारी साप पीवणा नाही हे लक्षात घ्या. तो मान फुरशाचा. तिकडे त्याला बांडी म्हणतात, आणि तिकडची बांडी आपल्या कोकणातल्या फुरशापेक्षा अंगाने बरीच मोठी. बांडी चावली की आग होते, सूज येते, हिरड्यांतून रक्त येतं. साप समोर दिसतो, अंग घासून करवतीसारखा आवाज करतो. बांडीबद्दल लोकांना भीती आहे, शिव्या आहेत, पण एकही अद्‌भुत कथा मी ऐकली नाही. गरजच नाही, कारण-परिणाम दोन्ही डोळ्यांसमोर असतात. गोष्ट रचावी लागते ती मण्यारीसाठी. धडधाकट माणूस रात्री हसत झोपला आणि सकाळी बिनखुणेचा मेला, याचा काहीतरी अर्थ लावल्याशिवाय घरच्यांना दुसऱ्या रात्री त्याच अंगणात झोपता कसं येणार?

जाता जाता उलटं उदाहरणही सांगतो. त्याच वाळवंटात ‘गोयरा’ नावाचा दुसरा राक्षस आहे. पालीसारखा, पट्टेरी, आणि इतका विषारी की माणूस जागच्या जागी संपतो म्हणतात. हा गोयरा म्हणजे घोरपडीचं पिल्लू. लहानपणी त्याच्या अंगावर ठिपके-पट्टे ठळक असतात, मोठेपणी फिके होतात, म्हणून लोकांना तो वेगळा प्राणी वाटतो. त्याच्या चाव्याने माणूस मरत नाही. म्हणजे बघा, जो निरुपद्रवी आहे त्याला आपण विष दिलं आणि दिसेल तिथे ठेचलं, आणि जी खरोखर जीव घेते तिचे दात काढून घेतले. सांड्याची कथा तर आणखी वाईट. गवत-पाला खाणारा तो बिचारा सरडा, त्याच्या शेपटीच्या चरबीचं तेल गुडघ्यापासून मर्दानगीपर्यंत सगळ्यावर चालतं म्हणून त्याची पाठ मोडून त्याला पोत्यात भरतात. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

पीवण्याकडे परत येतो. अंधाऱ्या खोलीचा उपाय लोक पिढ्यान्‌पिढ्या का करत आले? कारण त्याने काही जण वाचतात. सापाच्या प्रत्येक दंशात पुरेसं विष जातंच असं नाही. कधी कोरडा दंश असतो, कधी थोडं विष जातं, पापण्या पडतात पण श्वास टिकतो. असा माणूस खोलीत ठेवला तरी वाचणार, उन्हात ठेवला तरी वाचणार. पण वाचला तो खोलीत ठेवलेला, म्हणून श्रेय खोलीला. जे मेले त्यांच्याबद्दल म्हणायचं, कुठून तरी कवडसा आला असेल. गवती झोपडीत कवडसा कुठून तरी येतोच.

घशातला फोड फोडण्याचा प्रकार तर थेट जीवघेणा. ज्याला गिळता येत नाही त्याच्या तोंडात तुम्ही तूप ओता, कांद्याचा रस ओता, ते श्वासनलिकेत जाणार. विषाने संध्याकाळी मेला असता तो उपायाने सकाळीच मरतो.

इथपर्यंत ऐकून शहरातले श्रोते समाधानाने मान हलवतात. अंधश्रद्धा, अडाणीपणा, झालं. मला त्या मान हलवण्याचीही भीती वाटते, आणि ती का ते सांगतो. निवृत्तीनंतर एका ओळखीच्या कुटुंबाकडून ऐकलेली गोष्ट आहे. गाव आणि इस्पितळ सांगत नाही. सकाळी सहाला एका मुलाच्या पोटात कळा सुरू झाल्या. आजी म्हणाली, याला पीवणा प्यायला. घरचे शिकलेले, त्यांनी आजीला गप्प केलं आणि मुलाला थेट दवाखान्यात नेलं. म्हणजे योग्य तेच केलं. डॉक्टरांनी दंशाची खूण बघितली, नव्हती. रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी केली, रक्त व्यवस्थित गोठलं. ती चाचणी घोणस आणि फुरशासाठी असते, मण्यारीच्या विषाने रक्तावर परिणाम होत नाही, त्यामुळे ती नॉर्मल येणारच. आजी पुन्हा पीवण्याचं बोलली तेव्हा त्या हसल्या गेल्या. ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन मुलाला घरी पाठवलं. दुपारी त्याच्या पापण्या पडल्या तेव्हा घरच्यांना वाटलं, औषधाने झोप लागली आहे.

त्या दवाखान्यात निदान एकाच व्यक्तीला जमलं होतं, आणि ती अंगठा लावणारी म्हातारी होती.

आमच्या आरएमओंनी २००२ मध्ये जे केलं ते मला आजही फार हुशारीचं वाटतं. पोरगा गेल्यानंतर आठवड्याने ते पुन्हा त्या ढाणीवर गेले, चहा प्यायले, आणि काकाला म्हणाले, “काकोसा, पीवणा असतो हे मला मान्य. अंधार पाहिजे हेही मान्य. पण पुढच्या वेळी अंधार बरोबर घेऊन माझ्याकडे या. डोळ्यांवर जाड पट्टी बांधा, वरून घोंगडी टाका, आणि रात्रीच निघा. तोंडात काही घालू नका, फोड मी फोडतो, माझ्याकडे त्याचं इंजेक्शन आहे.” मी नंतर विचारलं, हे खोटं बोलणं नाही का? ते म्हणाले, “सर, यात खोटं एवढंच की फोड नाही. बाकी सगळं ट्रीटमेंट प्रोटोकॉल आहे.”

तीन आठवड्यांनी पहाटे चारला तोच काका आमच्या गेटवर आला. उंटगाडीत सून होती, डोळ्यांवर फेट्याची पट्टी, डोक्यापर्यंत घोंगडी. पोटात दुखून जागी झाली होती, बोलणं अडखळत होतं, पापण्या अर्ध्यावर. डॉक्टरांनी दंश शोधण्यात वेळ घालवला नाही. प्रतिविषाच्या दहा बाटल्या सलाइनमधून चालू केल्या आणि ॲम्ब्युलन्स काढली. वाटेत तिचा श्वास थांबला. मग अंबू बॅग, म्हणजे तोंडावर मास्क धरून हाताने दाबायचा तो रबरी फुगा. डॉक्टर, नर्सिंग असिस्टंट, ड्रायव्हरच्या शेजारचा जवान आणि स्वतः काका, आळीपाळीने. मिनिटाला बारा ते पंधरा वेळा दाबायचं, हात दुखला म्हणून थांबायचं नाही. लष्करी इस्पितळात पोचायला तीन तासांच्या वर लागले. तिथे ती नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होती. दहाव्या दिवशी तिने सासऱ्याला पाहून पदर ओढून घेतला, तेव्हा नर्सने ओळखलं की हात चालू झाले.

यातला एक मुद्दा डॉक्टर मंडळींसाठी नाही, तुमच्या-आमच्यासाठी आहे. मण्यारीच्या दंशात माणूस पूर्ण लुळा पडतो, बुबुळंसुद्धा हलत नाहीत, मेल्यासारखा दिसतो. पण त्याला ऐकू येत असतं. त्या बाईने नंतर ॲम्ब्युलन्समधलं सगळं बोलणं सांगितलं, कोण म्हणालं वाचणार नाही तेही. तेव्हा अशा माणसाच्या उशाशी रडू नका आणि हिशेबाच्या गोष्टी करू नका. नाव घेऊन बोलत राहा.

हे विष नसेच्या टोकालाच नुकसान करतं. एकदा नुकसान झालं की प्रतिविष ते भरून काढत नाही, नसेची टोकं नव्याने तयार व्हावी लागतात आणि त्याला दिवस, कधी आठवडे जातात. तोवर माणसाचा श्वास दुसऱ्या कुणीतरी घ्यायचा, यंत्राने किंवा हाताने. म्हणून वेळ महत्त्वाची. नागाच्या दंशात निओस्टिग्मिन नावाचं इंजेक्शन बरंच उपयोगी पडतं, मण्यारीत त्याचा फारसा भरवसा नाही.

आणि प्रतिविषाचंही एक दुखणं आहे. भारतात मिळणारं प्रतिविष चार सापांच्या विषावर तयार होतं, नाग, साधी मण्यार, घोणस आणि फुरसं. त्यासाठीचं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुला लोकांची १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्था पुरवते. विष घोड्यांना थोडं थोडं टोचून त्यांच्या रक्तातून औषध बनतं. आपल्या मुंबईच्या हाफकिनचं या कामातलं नाव जुनं आहे. पण सिंधी मण्यार या चारांत नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या गटाने २०१९ मध्ये तिचं विष तपासलं. ते नागाच्या विषापेक्षा कितीतरी जहाल निघालं आणि बाजारातलं प्रतिविष त्याच्यापुढे तोकडं पडलं. शिवाय थरचं फुरसं आणि दक्षिणेतलं फुरसं यांच्या विषातही फरक आहे. तमिळनाडूच्या सापाचं औषध जैसलमेरच्या सापाला तंतोतंत लागू पडेल ही अपेक्षा मला कधीच पटली नाही. आम्ही सियाचिनला आणि पोखरणला एकच बूट देतो का? प्रदेशवार प्रतिविष हवं, असं शास्त्रज्ञ कितीतरी वर्षं सांगताहेत. तोवर जे आहे तेच द्यायचं, आणि अंबू बॅग व व्हेंटिलेटर तयार ठेवायचे.

ही सगळी खटपट किती लोकांसाठी? २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा २०२० मधल्या एका मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. मी पस्तीस वर्षं वर्दीत काढली. कुठल्याही युद्धात एका वर्षात एवढी माणसं आपण गमावलेली नाहीत. बहुतेक मृत्यू गावात होतात, आणि शेतकरी-मजुरांच्या घरात. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा काढला आणि त्याच वर्षी राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलं. नोंद म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तो कोपरावरचा ठिपका येतो. टँकरवरच्या त्या पोराच्या मृत्यूचं कारण कोणत्या रकान्यात लिहिलं असेल?

आता तुम्ही विचाराल, आम्ही राहतो फ्लॅटमध्ये, आम्हाला याचा काय उपयोग. तुमच्या इमारतीचा वॉचमन जमिनीवर झोपतो. बांधकामावरचे मजूर झोपतात. उसाच्या तोडणीला आलेली माणसं फडात झोपतात. आणि मण्यार थरपुरती नाही, ती विदर्भात आहे, कोकणात आहे, बडोद्याच्या आणि हैदराबादच्या बाहेरच्या वस्तीत आहे. घरात दिसणारा कवड्या साप बिनविषारी, पण तो मण्यारीसारखा दिसतो. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचं बहुतेक वेळा उलट असतं. पण रात्री बॅटरीच्या उजेडात हा अभ्यास करत बसू नका. पहाटे पोटात कळ, पापण्या जड, रात्री जमिनीवर झोपलेला, एवढं जुळलं की खूण असो-नसो, थेट मोठ्या इस्पितळात, व्हेंटिलेटर आहे तिथे. दोरी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही, तोंडात काही घालायचं नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय फौजेत आम्ही हिवतापासाठी वापरत होतो. मच्छरदाणी. नेपाळच्या तराईतल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश बराच कमी झालेला दिसला. अंधार पडला की बाह्या खाली आणि झोपताना मच्छरदाणी, हा आमचा कायदा. जवान कुरकुर करायचे, साहेब, आधीच बेचाळीस डिग्री, त्यात ही जाळी. पण जाळी नुसती टांगून भागत नाही. चारही कडा अंथरुणाखाली खोचायच्या आणि खोचल्यावर हात फिरवून बघायचं.

व्याख्यानानंतर मला नेहमी एकच प्रश्न येतो, साहेब, तुम्ही स्वतः पीवणा पाहिलात का? एकदा पाहिला. त्याच वर्षी सप्टेंबरात, रात्री दोनच्या गस्तीवर. सुभेदारसाहेबांच्या टॉर्चच्या उजेडात तंबूंच्या रांगेतून एक काळी, ओल्या डांबरासारखी चमकणारी रेघ चालली होती. घाई नव्हती. एका झोपलेल्या जवानाच्या अंथरुणाला येऊन ती थांबली, जाळीच्या खोचलेल्या कडेला नाक लावून हातभर पुढे गेली, पुन्हा मागे आली, पुन्हा कडेकडेने गेली. जवान घोरत होता. आम्ही दोघं श्वास रोखून उभे. मग ती वळली आणि राशनच्या तंबूकडे, उंदरांकडे निघून गेली. सुभेदारसाहेब हळूच म्हणाले, “साब, बाकी सबकी मच्छरदानी देख लूँ?” आम्ही दोघं मिळून एकशेदहा जाळ्या तपासल्या. सात उघड्या निघाल्या.